डावीकडचा कार्ब्युरेटर

ताउनोनं डावा प्लग काढला, नाकाशी नेऊन हुंगला आणि मेलेल्या भावाला एक सणसणीत शिवी हासडली.

"चिंब ओला आणि काळा ठिक्कर! वहिनी, तुझ्या नवऱ्यानं जाता जाता इंजिनाचं पार वाटोळं करून ठेवलंय बघ."

सायमी गॅरेजच्या दारात पिठाचे हात ॲप्रनला पुसत उभी होती. तिच्या मागे ऊन लखलखत होतं. उद्या युहानुसचा सण. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. तळ्याकाठी शेकोटी पेटणार, आणि त्याआधी विल्होची राख पाण्यात सोडायची होती. तळ्यावरच्या खोपटीपर्यंत रस्ता कधी नव्हताच. मध्ये वाळूची उभी चढण, आणि ती चढण विल्होनं घरी बनवलेल्या मोटर-बग्गीशिवाय कुणाला दाद देत नसे.

"उद्या चढेल ना रे?"

"चढेल? अगं, उडेल!"

"जावई म्हणतो, उगाच खटपट कशाला, माझी नवी गाडीही वाळू चढते, तिच्या ट्रॉलीतून नेऊ."

"बिअरच्या पेटीशेजारी?"

"पेटी आधीच भरलीय त्यानं."

"विल्होला चाललं असतं म्हणा. बिअर थंड असती तर."

सायमी हसली नाही. "त्यानं दोन हिवाळे घालवलेत या सांगाड्यावर," ती म्हणाली. "त्याला यातूनच न्यायचं." आणि ती आत भट्टीकडे वळली.

सांगाडा म्हणजे काय, तर भंगारातल्या नळ्या वाकवून, जोडून केलेला एक पिंजरा, त्याला चार चाकं, आणि पाठीमागे तीस वर्षं बर्फावर पळालेल्या स्नोमोबाइलचं इंजिन. दोन सिलिंडर, प्रत्येकाला आपापला कार्ब्युरेटर. या इंजिनाबद्दल ताउनो गावभर सांगायचा की बर्फावर असताना ते असं सुसाट जायचं, की सावली मागे राहायची. घरी पोचल्यावर ती येईपर्यंत दारात थांबावं लागे. एकदा तर सावली आलीच नाही, शेजाऱ्याकडे जेवायला थांबली.

आज मात्र त्या इंजिनानं त्याचं नाक कापलं होतं. दोरीच्या पहिल्या ओढीला सुरू व्हायचं. रेस न देता मांजरासारखं गुरगुरायचं. अर्धी रेस दिली की भक्, भक् करून खोकायचं, निळा धूर ओकायचं, आणि गॅरेजमागच्या एवढ्याशा उंचवट्यावर गुडघे टेकायचं.

ताउनोनं सकाळपासून उजवा कार्ब्युरेटर तीनदा खोलला. खालची वाटी धुतली, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट कानाशी हलवून पाहिला, सुई फुंकली, जेट उजेडात धरून पाहिलं. पेट्रोल मापून सोडणारं हरभऱ्याएवढं पितळी जेट, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक, त्यावर बारीक आकडा. उन्हाळ्याचंच होतं. स्वच्छ होतं.

सायमी पुन्हा आली. या वेळी हातात वेलची घातलेला पाव होता.

"ओला प्लग डावीकडचा ना?"

"हो."

"मग उजवीकडचा कशाला सोलतोयस सकाळपासून?"

"वहिनी, काटा पायात असतो आणि लंगडते कंबर. उजवा नीट ओढत नाही, म्हणून डावा बुडतोय. हे इंजिनाचं शास्त्र आहे."

"शास्त्र!"

"आणि डावा माझा आहे. माझ्या हातचा कधी बिघडलाय?"

हे मात्र खरं होतं. त्या घरात तसा नियमच होता. बर्फ सात महिने, आणि बग्गी तेव्हाही पळायची. तेव्हाची हवा जड, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून हिवाळ्यात मोठ्या भोकाचं जेट. ऊन पडलं की लहान. नाही बदललं तर इंजिनाच्या घशात घास अडकतो. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दोघे भाऊ दोन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचे. उजवा विल्होचा, डावा ताउनोचा. एकमेकाच्या बाजूला बोट लावायचं नाही. एकदा लावलं होतं, तेव्हा पाना उडून खिडकीची काच गेली होती. ज्याचं आधी होईल तो स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीत पाय पसरून बसायचा, आणि हरलेला कॉफी करायचा. चौदा वर्षांत ताउनोनं कॉफी फार वेळा केली होती, पण गावात विचाराल तर दोनदाच.

या मेमध्ये ताउनो भावाकडे गेला नव्हता.

कारण एक मासा. एप्रिलमध्ये चर्चनंतरच्या कॉफीला ताउनो सव्वीस पौंडांच्या पाइकची गोष्ट सांगत होता. मासा दोरी ओढतोय, होडी उलटी चाललीय, बाया तोंडाला हात लावून ऐकताहेत. तेवढ्यात विल्हो कप ठेवून उठला आणि म्हणाला, "तो मासा मी धरला होता. आणि नऊ पौंडांचा होता." सगळा हॉल खो खो हसला. माणसाची गोष्ट अशी भर सभेत नागडी करायची असते का? ताउनो तसाच टोपी घालून घरी गेला. पहिला शनिवार आला, गेला. आठ मैलांवर भाऊ होता. म्हटलं, येईल की तोच. झक मारत येईल.

तो आला नाही. आला तो सायमीचा फोन.

"एक सांगू?" सायमी पाव बाकावर ठेवत म्हणाली. "ही अशीच खोकत होती. तो असतानाही."

"असतानाही?"

"रोज सकाळी चालू करायचा, ऐकायचा, बंद करायचा. नऊ दिवस. मी म्हटलं, अरे, कान किटले, दुरुस्त कर की एकदाची. तर म्हणाला, ती बाजू माझी नाही." तिनं पावावरचं फडकं सारखं केलं. "मग सौनाच्या वाफेसाठी लाकडं फोडायला गेला, तो..."

पुढचं ताउनोला ठाऊक होतं.

पावाशेजारी, सकाळी त्यानंच हत्यारांना जागा करायला बाजूला सारलेलं, कॉफीच्या डब्याचं एक झाकण होतं. झाकणात स्वच्छ चिंधी. चिंधीवर लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, ताउनोचा. त्याच्या टोकाशी एक हरभऱ्याएवढं पितळ.

ताउनोनं चष्मा पुसला. मग डाव्या कार्ब्युरेटरपाशी गुडघ्यावर बसला आणि वाटी सोडवली. आतलं जेट बोटांत घेऊन उजेडात धरलं. भोक मोठं होतं. हिवाळा तसाच बसून होता आत.

त्यानं झाकणातलं लहान भोकाचं जेट उचलून लावलं. एरवी चार मिनिटांचं काम. आज किती लागली कोण जाणे; एकदा जेट हातून निसटून मातीत पडलं, आणि ते शोधायला डोळ्यांपुढचं सगळं आधी नीट दिसावं लागतं. सायमी दाराकडे तोंड करून उभी राहिली.

बग्गी पहिल्या ओढीला सुरू झाली. ताउनोनं उंचवट्यावर घातली; ती न खोकता, न अडखळता वर गेली आणि पलीकडे उतरली. आवाज असा एकसंध होता, की भट्टीतला पाव विसरून सायमी ऐकत राहिली. मग पुन्हा सगळं शांत.

"हात धू," ती म्हणाली. "कॉफी टाकते."

"तू बस, वहिनी. कॉफी माझ्याकडे."

सायमी स्वयंपाकघरात जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती सहसा बसत नसे.

ताउनो शेगडीपाशी तिच्याकडे पाठ करून पाणी उकळायची वाट पाहत राहिला.

"वहिनी, तो मासा त्याचाच होता. नऊ पौंडांचा."

"आठ," सायमी म्हणाली. "मी तोलला होता."