देज नको, विमा उतरवा

शकूच्या लग्नाची बैठक कोलशेतला आमच्या ओटीवर बसली, तेव्हा मी देज घेणार नाही असं सांगितलं आणि सगळ्यांची तोंडं चालायची थांबली. आमच्यात मुलाकडचे मुलीच्या घरी देज देतात. मुलीची आई ते नको म्हणाली की मुलीत काही खोट आहे, असाच अर्थ लोक काढतात.

मुलाचे वडील, कळव्याचे राघोबा, समोर बसले होते. त्यांची मिठाची दोन गलबतं मुंबईला जात. मुलगा गुणाजी चार इयत्ता शिकून कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून लागला होता.

"मग पाहिजे तरी काय, ठमाबाई?"

"गुणाजीच्या जिवाचा विमा उतरवा. मुंबईच्या कोटात, साहेबांच्या पेढ्या आहेत तिथे, कंपनी आहे. वर्षाला हप्ता भरायचा. त्याचं काही बरंवाईट झालं तर रक्कम शकूच्या हातात पडली पाहिजे. तुमच्या नाही, त्याच्या भावाच्या नाही, माझ्याही नाही."

राघोबा उठलेच. "सुपारी फुटायच्या आधी माझ्या पोराला तिरडीवर चढवताय!"

माझा भाऊ नाथा मधे पडला. "बाय, मंगलकार्यात कसलं गं हे बोलणं?"

"तू गप रे. राघोबा, तुम्ही त्या भाटिया शेठकडे मिठाचा विमा उतरवता ना?"

"दर खेपेला उतरवतो. दर्याचा काय भरवसा?"

"म्हणजे गलबत बुडावं म्हणून उतरवता?"

दाराशी बसलेल्या बायका पदराआड हसल्या. राघोबा परत खाली बसले. "मीठ वेगळं, माणूस वेगळा."

"तेच म्हणते मी. मीठ गेलं तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरं पिकवाल."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. माझा नवरा पटकीने गेला तेव्हा शकू पाळण्यात होती. धडधाकट माणूस, सकाळी मिठागरावर गेलेला, संध्याकाळी नाही. दिरांनी मिठागर आपल्या नावावर करून घेतलं. मला उपाशी ठेवलं असं मी म्हणणार नाही, पण भाकरीबरोबर रोज चार शब्द वाढत. शेवटी मी माळावरचं गवत मक्त्याने घेतलं, उभं राहून कापून घेतलं, मुंबईच्या घोड्यांच्या तबेल्यांना पाठवलं आणि हे घर उभं केलं. माझ्या अंगात रग होती आणि तोंडात जीभ होती, म्हणून जमलं. शकूचं तसं नाही. कोणी आवाज चढवला की ती हातातलं भांडं ठेवून आत जाते.

माझ्या गवताचा हिशेब लिहिणारे कारकून ठाण्याला वारले. त्यांनी विमा उतरवलेला. त्यांची बायको ना दिराच्या दारात गेली ना भावाच्या. मुलगे शाळेत जात राहिले, चूल आपली आपण पेटत राहिली. मी भेटायला गेले होते रडायला, आणि आले ती हे ठरवूनच.

राघोबांनी शेवटी मान हलवली. देज वाचत होतं, तेही असेल. ठरलं असं की कंपनीच्या डॉक्टरने गुणाजीला आधी तपासावं, मग साखरपुडा, आणि लग्न लागलं की शकूच्या नावे विमा.

पुढच्या आठवड्यात राघोबांचा निरोप आला. कंपनी म्हणे आपल्या खाडीकडच्या लोकांना घेत नाही, तर विम्याचं सोडा आणि देजाचं बोला. नाथा लगेच म्हणाला, "बघ, तरी मी सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी गुणाजी एकटाच आला. ओटीवर बसला नाही, अंगणातच उभा राहिला.

"मावशी, बाबांनी सांगितलं ते खरं नाही. डॉक्टरला माझ्या छातीत काहीतरी ऐकू आलं. कंपनीने मला घेतलं नाही. तुम्ही दुसरं स्थळ बघा."

"तुला त्रास होतो?"

"थंडीत खोकला येतो. एरवी काही नाही."

"बापाला सांगून आलास?"

"नाही."

मी आत गेले. शकू दारामागेच होती.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग? कंपनीने नको म्हटलंय त्याला."

"कंपनीने म्हटलं. मी कुठे म्हटलंय?"

एवढं लांब वाक्य ती माझ्यापुढे पहिल्यांदाच बोलली. मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायला चालत आलेला पोरगा मलाही सोडवेना. नाथाला घेऊन मी तशीच होडीने कळव्याला गेले.

"राघोबा, कंपनी नाही तर तुम्ही. एक भातखाचर शकूच्या नावे करा. ठाण्याच्या कचेरीत, सरकारी शिक्क्यावर."

राघोबांचा चेहरा उतरला. पोरगा सगळं सांगून गेला, हे त्यांना कळलं. म्हणाले, "खाडीलगतचं देतो."

"तिथे भरतीचं खारं पाणी शिरतं. वरच्या अंगाचं द्या."

"ते माझं सगळ्यात चांगलं खाचर आहे, बाई!"

"सून पण चांगलीच मिळतेय."

"पोरगा मरणारच, असं धरून चाललाय तुम्ही!"

"माझ्या नवऱ्याच्या छातीत काहीच ऐकू येत नव्हतं, राघोबा. तरी मी हे मागितलं असतं. देव करो आणि गुणाजी म्हातारा होवो. मग दोघं मिळून तिथला भात खातील, तुमचं काय जाणार आहे?"

राघोबा बायकोकडे बघायला लागले. ती म्हणाली, "देऊन टाका हो. पोराने तोंड उघडलं, आता आपण काय झाकायचं?"

कचेरीत कागद झाला. मगच लग्न लागलं.

गुणाजी काही वर्षं चांगला जगला. दोन मुलं झाली. मग एका थंडीत त्याने अंथरूण धरलं आणि उठला नाही. राघोबांची गलबतं तोवर थोरल्या मुलाकडे, पंढरीकडे, गेली होती आणि त्याच्या स्वतःच्याच घरात खाणारी तोंडं बरीच होती.

दिवसकार्य झाल्यावर मी शकूला आणि मुलांना आणायला पुलावरून बैलगाडी पाठवली. माझ्याकडे काही कमी नव्हतं, खोली सारवून ठेवली होती. संध्याकाळी गाडी परत आली, त्यात शकू नव्हती. तिच्या खाचरातल्या नव्या तांदळाच्या दोन गोण्या होत्या. गाडीवाला दगडू म्हणाला, "ताईने निरोप दिलाय. पुढच्या भाताच्या रोपासाठी राब भाजायचं काम चालू आहे, माणसं लावलीत, घर सोडून येता येत नाही. होळी झाली की मुलांना घेऊन चार दिवस राहायला येईन म्हणाली."

"रडत होती?"

"रडत होती. आणि माणसांना ओरडत पण होती."

गोण्या मी आत ठेवून घेतल्या. तांदूळ जरा जाडाच निघाला. पुढच्या वर्षी दुसरं बी लाव, असं तिला कळवलंय.