ऐनवेळचा विषय

मित्रांनो, मी शाळेच्या सभेच्या खोलीतले एक जुने गोल टेबल आहे. आजची सभा मी बोलावली आहे. बसा.

विषय पहिला: माझा जन्म.

मला एका सुताराने बनवले. त्याची मुलगी याच शाळेत शिकत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी लांबट टेबल सांगितले होते. "पालक, मुलं आणि तुम्ही एकत्र बसणार ना? मग गोल करू. कोणी टोकाला नको," तो म्हणाला. बाईंना ते पटले. पहिल्याच सभेत त्या पंख्याखाली बसल्या आणि मला टोक फुटले.

विषय दुसरा: माझे कौतुक.

पाहुणे येत, माझ्यावरून हात फिरवत. मुले आणि पालक मुख्याध्यापिकेच्या बरोबरीने बसतात, याचे त्यांना नवल वाटे. बोलण्याचा क्रम मात्र ठरलेला होता. आधी बाई, मग पालक समिती, मग विद्यार्थी समिती. मुलांचे म्हणणे 'ऐनवेळचे विषय' म्हणून सर्वांत शेवटी. तोवर घंटा होई.

विषय तिसरा: कठडा.

सुतार पालक समितीत होता, मुलगी विद्यार्थी समितीत. तिला सगळे वकीलबाई म्हणत. एकदा दोघे सभेला लवकर आले.

"बाबा, मागच्या जिन्याचा कठडा हलतोय. पहिलीतली पोरं त्याला लोंबकळतात."

"मग मांड की सभेत."

"तुम्हीच या ना पेटी घेऊन. तुम्हाला काय, चार खिळ्यांचं काम."

"इथे मी तुझा बाप नाही, सदस्य आहे. आपणच नियम मोडले तर बाकीच्यांना काय सांगणार, वकीलबाई?"

"बरं, सदस्यसाहेब," ती हसून म्हणाली.

त्या सभेत फाटकाच्या रंगावरून एक आजोबा आणि एक मावशी हमरीतुमरीवर आले.

"हिरवा नको. दवाखाना वाटतो."

"आणि तुमचा निळा? तुरुंग वाटतो, आजोबा."

सगळे हसले. वकीलबाईने हात वर केला. घंटा झाली.

"तुझं पुढच्या सभेत पहिलं घेऊ हं, बाळा," बाई म्हणाल्या.

पुढच्या सभेत फाटकाच्या उद्घाटनाला कोणाला बोलवायचे, हे चालले होते. तिचा हात बराच वेळ वर होता. सुताराने तो पाहिला. तो स्वतःची पाळी येण्याची वाट पाहत होता.

मग मुलांनी माझ्याभोवती बसून आपल्यापुरते ठरवले. मधल्या सुट्टीत समितीतल्या एकाने कठड्यापुढे उभे राहायचे आणि लहानांना भिंतीकडून सोडायचे.

विषय चौथा:

त्या दिवशी तिची पाळी होती. घंटा झाली आणि पोरांचा लोंढा जिन्यावर आला. मला फक्त लाकूड मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते.

पहिलीतले कोणी पडले नाही. वकीलबाई पडली. ती वाचली नाही.

काही दिवसांनी सुतार पेटी घेऊन आला. मागच्या जिन्यावर बराच वेळ हातोडा चालला. कोणी त्याला परवानगी विचारली नाही.

त्यानंतर सभा भरली. बाई उभ्या राहिल्या. "सुरुवातीला मी दोन शब्द..."

सुताराने माझ्यावर पंजा टेकला. "बाई, आधी ऐनवेळचे विषय घ्या."

"कोणाचा विषय आहे?"

"वकीलबाईंचा. मागच्या जिन्याचा कठडा हलतोय."

"तो तर तुम्ही दुरुस्त..." बाई म्हणू लागल्या.

"हो. पण तिचा मांडायचा राहिला होता."

आजोबांनी मान खाली घातली. मावशीने तोंडाला पदर लावला. बाई पंख्याखालून उठल्या आणि मुलांच्या बाजूच्या एका रिकाम्या खुर्चीजवळ आल्या. तिच्यावर त्या बसल्या नाहीत. शेजारी उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मला पॉलिश नको. माझ्यावर फुलदाणी ठेवू नका. तुमच्या शाळेत माझ्यासारखे टेबल असेल, तर तिथली सभा शेवटापासून सुरू करा आणि वर गेलेला हात खाली येण्याआधी विचारा, काय हलते आहे.

आजच्या सभेचे माझे विषय संपले. आता तुमचे. तुमच्यात सगळ्यांत लहान कोण आहे? आधी त्याने बोलावे.