दार उघडे ठेवणाऱ्यांनो

मी एक जुना इन्क्युबेटर आहे, म्हणजे प्रयोगशाळेतली उबेची पेटी, आणि मित्रांनो, मी या माणसांना पुरता वैतागलो आहे. माझे काम साधे. माणसाच्या अंगात असते तेवढी ऊब पोटात राखायची, आणि फळीवरच्या बशांतल्या पेशींना वाटू द्यायचे की आपण अजून अंगातच आहोत.

नवा होतो तेव्हा माझ्या दाराला मऊ रबरी पट्टी होती. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, पाहुण्यांना सांगत, हा आमच्या घरातला कर्ता. आता त्या पट्टीला भेगा पडल्या आहेत आणि कर्त्याकडे बघायला कोणाला सवड नाही.

माझ्याकडे येतात त्या रक्तातल्या पहारेकरी पेशी. क्षयाचा जंतू दिसला की त्या त्याला गिळतात. पण हा जंतू महालबाड. पेशीच्या पोटात बिऱ्हाड थाटतो आणि घरमालकालाच खायला उठतो. काही जणांच्या पेशी मात्र त्याला पचवून टाकतात. ते कसे, हे सरांच्या विद्यार्थिनीला, आमच्या ताईला, शोधायचे होते.

तिने एका शिंपीकाकांचे आणि काकूंचे रक्त मिळवले. काकांना क्षय झाला होता. काकूंनी त्याच एका खोलीत राहून त्यांची शुश्रूषा केली, तरी त्या ठणठणीत. काकूंची अट एकच होती: जे दिसेल ते मला सांगायचे. काका अजून अशक्त, शिवणयंत्र एकट्या काकू चालवत. आपणही आडवे झालो तर लेकीकडे कोण बघणार, ही त्यांची धास्ती.

आता माणसांची तऱ्हा ऐका. मी उभा आहे त्या जंतूंच्या खोलीत यायचे तर झगा, टोपी, मुखपट्टी, दुहेरी हातमोजे. त्याचा सगळ्यांना कंटाळा. म्हणून एक जण निघाला की बाकीचे मागून सांगतात, आत जातोच आहेस तर माझ्याही बशा बघून ये. मग तो दार सताड उघडे ठेवून गावभरच्या बशा बघत बसतो. ऊब जाते, पेशींसाठी आत सोडलेला कर्बवायू जातो, पेशी ज्यात वाढतात ते लालसर पाणी जांभळट होते. मी शिट्टी वाजवतो, तर तो बटण दाबून माझेच तोंड बंद करतो.

काकूंच्या बशा दाराशी होत्या, काकांच्या आत मागे. त्या गारठल्या आणि पेशी पटापट मेल्या. ताईने निष्कर्ष काढला की जंतूपुढे काकूंच्या पेशी दुबळ्या आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिने शब्द पाळून काकूंना ते सांगितलेही. आता आपल्यालाही क्षय होणार आणि लेकीलाही लागणार, असे वाटून काकूंनी घाबरून तिला मावशीकडे पाठवून दिले.

नंतर ताईने काकूंच्या त्या बशा पाहिल्या, ज्यांत तुलनेसाठी म्हणून जंतू घातलेच नव्हते. त्या आधी बघायच्या असतात, पण राहून गेल्या होत्या. त्यांतल्याही पेशी मेलेल्या. ती सरांना घेऊन आली, दोघे माझ्यासमोर उभे राहिले. सरांनी पट्टीच्या भेगेत बोट घातले.

"आता काकूंना काय सांगू?" ताईने विचारले.

"खरं ते सांग. त्यांच्या पेशींना लढायला मिळालंच नाही. आपणच त्यांना थंडीत मारलं."

ताई गेली, सांगून आली. लेक घरी परतली. पुन्हा रक्त द्याल का, असे विचारल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, "नको गं बाई. तेवढे दिवस लेकीविना काढले, ते पुरे झालं."

मला नवी पट्टी बसली. पण काकूंच्या पेशी जंतूला पचवत होत्या का, हे आता कोणालाच कळणार नाही, आणि याची मला चीड येते. मित्रांनो, कोणाला दुबळे ठरवण्याआधी आपण त्याला ऊब दिली होती का, एवढे बघा. आणि यंत्र ओरडले तर त्याचे तोंड दाबू नका, आधी दार लावा.