चिरलेली झडप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलचाही नव्हे. आई कामावर गेली तरी बाळाला तिचंच दूध मिळावं, म्हणून ते काढून बाटलीत भरणारा विजेचा छोटा पंप. हसू नका. तुमच्यापैकी कितीजणांनी माझ्यासारख्याच्या जिवावर बाळसं धरलंय, ते घरी विचारून पाहा.

कारखान्यात मला मोटर बसवली, नळी जोडली, आणि खोक्यात बंद होऊन मी एका घरी आलो. घरातली आई कुकर-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. थोरली मुलगी तीन महिन्यांची झाली तशी आई मला पिशवीत घालून दुकानात नेऊ लागली. मागच्या खोलीत, जुन्या भांड्यांच्या मांडणीआड, एका स्टुलावर आमचं काम चाले. मालक त्या बाजूला यायचे झाले की चार पावलं आधीच मोठ्याने खोकायचे. बाटली भरली की आई ती उजेडात धरून बघे आणि मला थोपटे. मी असा फुगून जाई, जणू दूध मीच देतोय!

थोरली जेवू लागली, आणि गरज सरो, वैद्य मरो. माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर, पांघरुणांमागे झाली. चार वर्षं कुणी माझं नावही काढलं नाही. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.

मग धाकटा जन्मला. आई पुन्हा कामावर जायची झाली तेव्हा तिने मला खाली काढलं, पुसलं, नवी नळी जोडली, उकळायचं ते उकळून घेतलं. मी सुरू झालो. आवाज अगदी पूर्वीचाच. पण बाटलीत दूध जेमतेम दोन बोटं.

दुसऱ्या दिवशीही तेवढंच. घरी अंगावर पिऊन धाकटा तृप्त होऊन झोपे, पण दुपारपुरतं दूध काही बाटलीत जमेना. शेवटी वरच्या दुधाचा डबा आणला. "दुसऱ्या खेपेला पान्हा कमीच येतो गं," सासूबाई समजुतीने म्हणाल्या. धाकटा ते दूध मजेत प्यायला. आई मात्र मांडणीआड बसून रडली. "आटलं माझं दूध," ती स्वतःशीच म्हणाली. "थोरलीला दिलं, याला नाही देता येत."

मला सगळं ठाऊक होतं! माझ्या आतली, बोटाच्या पेराएवढी रबरी झडप चिरली होती. तिथून हवा निसटे, म्हणून मला दूध नीट ओढताच येत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोराला बोलता येत नव्हतं.

सहाव्या दुपारी आईने ठरवलं, उद्यापासून मला आणायचंच नाही. काढणं थांबलं की दूध खरोखरच आटतं. मी घाबरलो.

तेवढ्यात दुकानात एक आजोबा कुकर घेऊन आले. "पोरी, शिट्टीच होत नाही. म्हातारा झाला गं, दम नाही राहिला त्याच्यात."

"कुकरला काय धाड भरलीय, आजोबा?" आई मान वर न करताच म्हणाली. "रबर गेलंय. वाफ बाहेर पळते. उगाच त्याला नावं ठेवू नका."

हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. आज म्हटलं आणि तिचे हात थांबले. आजोबांना तिथेच सोडून ती मागे धावली. मला उघडलं, झडप नखाने ताणली. चीर लख्ख दिसली.

"अगं बाई! जगाला सांगते आणि..." ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

"माझ्या कुकरचं काय?" बाहेरून आजोबा ओरडत होते.

नवी झडप बसली. पहिल्या दुपारी बाटली निम्मी भरली, आठवड्याने काठोकाठ. "मीच बाई भलतं बोलून गेले," सासूबाई म्हणाल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू पुन्हा वापरायला काढाल तेव्हा नुसतं धुऊन-पुसून भागत नाही. तिची रबरं, झडपा ताणून बघा, झिजल्या असतील तर बदला. आणि काही बिनसलंच, तर आईकडे बोट दाखवण्याआधी मला उघडून पाहा. माझी झडप दुकानात मिळाली. पण आईने रडून काढलेल्या त्या दुपारी तिला परत कशा द्यायच्या, हे मला अजून कळलेलं नाही.