मागच्या बाकापासून स्टिअरिंगपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका, कारण मला जे सांगायचं आहे ते सांगायला मी कधीचा उतावीळ झालो आहे! माझी डावी बिजागरी मोडली आहे, त्यामुळे मला उघडं ठेवायचं तर पाठीशी जाड पुस्तकाचा टेकू लागतो. एक बटण केव्हाच गळून पडलं. आणि चार्जर काढला, की चाळिसाव्या मिनिटाला माझे डोळे मिटतात म्हणजे मिटतातच. या चाळीस मिनिटांनी पुढे चांगलाच घोळ घातला.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांतून मी पुढे पुढे सरकलो. शेवटच्या बाईंनी माझा काळा पडदा पुसला, त्यात बघून स्वतःचा भांग सरळ केला आणि मला खोक्यात घातलं. म्हणजे माझा पहिला उपयोग झाला तो आरसा म्हणून! पुढे पाच वर्षं मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात होतो. तिथे माझा थाट विचारू नका. सगळे माझ्याभोवती गोळा व्हायचे, वा वा म्हणायचे. मग नवे, चपळ भाऊबंद आले आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या कप्प्यात झाली. दोन वर्षं मला कुणी हातसुद्धा लावला नाही. फार वाईट वाटायचं.

एके दिवशी त्या ऑफिसात दिवे बसवायला एक वायरमन आला. मुलीच्या अभ्यासाला होईल म्हणून त्याने मला मागून घेतलं आणि मी दोन खोल्यांच्या एका घरात आलो. घरात माणसं चार. वायरमन, त्याची आई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि वायरमनची बायको. ही बायको शाळेची बस चालवायची. बसमधली मुलं तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणतो. चौदा वर्षं तिने ती बस चालवली. कुठल्या मुलाला खिडकी लागते, कुणाला वळणावर मळमळतं, कोण रडतरडत चढतं आणि हसत उतरतं, सगळं तिला तोंडपाठ!

आणि एका दुपारी, शाळा सुटल्यावर बस मागे घेताना, चाकाखाली काहीतरी कडाकडा मोडलं. ती एका मुलीची सायकल होती. मुलगी दोन हात लांब उभी होती, तिला साधं खरचटलंही नाही. सायकल नको तिथे लावली होती, असं चौकशीत ठरलं. सगळे मावशीला म्हणाले, सुटलीस बाई. पण दुसऱ्या सकाळी मावशी चावी लावायला गेली आणि तिला दरदरून घाम फुटला. हात काही केल्या पुढे जाईना. तिसऱ्या दिवशी तर ती बसच्या पायरीवरही चढू शकली नाही. बस शाळेमागच्या आवारात उभी राहिली आणि मावशी घरात बसली. दीड महिना गेला. बसगाड्या सांभाळणारे सुपरवायझर भला माणूस, पण तेही किती थांबणार? नवीन वर्षाची शाळा उघडेपर्यंत तुमची जागा ठेवतो, त्यापुढे माझ्या हातात नाही, असं त्यांनी सांगितलं. शाळा उघडायला बारा आठवडे उरले होते.

डॉक्टरांनी सुचवलं, कुणाशी तरी नीट बोला. हल्ली समुपदेशक घरबसल्या लॅपटॉपवर भेटतात. हे ऐकून मी असा फुगलो म्हणून सांगू! दोन वर्षं धूळ खाल्लेला मी, आणि माझ्यातून माणूस बरं होणार! मुलीने माझ्यावरच फॉर्म भरून दिला आणि दर आठवड्याला एकदा, पन्नास मिनिटं, अशी वेळ ठरली.

पहिल्या दिवशी काय गंमत झाली सांगतो. समुपदेशक बाई माझ्या पडद्यावर आल्या, आणि त्यांना दिसलं काय, तर अख्खं कुटुंब! मध्ये मावशी, उजवीकडे इस्त्रीचा शर्ट घातलेला वायरमन, डावीकडे नवी साडी नेसलेल्या सासूबाई आणि मागे उभी मुलगी. डॉक्टरकडे माणसाला एकटं पाठवत नाहीत, ही त्या घराची रीत. सासूबाईंनी तर सुनेच्या झोपेचा, जेवणाचा आणि चिडचिडीचा सगळा पाढा वाचायची तयारी केली होती. बाईंनी सगळ्यांची मनापासून विचारपूस केली आणि मग हळूच सांगितलं, की हे बोलणं एकट्या माणसाचं असतं, आता मला फक्त यांच्याशी बोलायचंय. सासूबाईंना ते भयंकर लागलं. आम्ही काय परके आहोत का, असं पुटपुटत त्या पडद्याआड गेल्या. त्या घरात दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं हो, कापडी पडदा होता.

मावशी वही-पेन घेऊन बसली होती, बाई सांगतील ते उपाय लिहून घ्यायला. पण बाई सांगतच नव्हत्या, विचारत होत्या. आधी मावशी कुठे बसली आहे ते विचारलं, फोन नंबर घेतला. मध्येच संपर्क तुटला तर मी फोन करीन, पाच मिनिटं वाट बघा, म्हणाल्या. तुम्ही बोलाल ते माझ्यापाशीच राहील, फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला इतरांना सांगावं लागेल, आणि शक्य असेल तर आधी ते तुम्हालाच सांगीन, असंही म्हणाल्या. मग विचारलं, यातून काय बदलावं असं तुम्हाला वाटतं? मावशीला ही परीक्षाच वाटली. बरोबर उत्तर आठवेना, म्हणून ती गप्प बसली. बाईही गप्प. मावशीला वाटलं, मी बंद पडलो. तिने माझ्या अंगावर दोन चापट्या मारल्या आणि म्हणाली, "मॅडम, अडकलात का?" बाई हसल्या. अडकले नाही, तुमची वाट बघतेय, म्हणाल्या. उगाच मार खाल्ला मी!

दुसऱ्या आठवड्यात मावशी कुजबुजत बोलत होती आणि बाईंच्या प्रश्नांना पडद्यामागून सासूबाई उत्तरं देत होत्या. झोप लागते का, असं बाईंनी विचारलं, तर आतून आवाज आला, कुठली लागतेय! मला हसू आवरेना, पण मावशीचा चेहरा बघून ते विरलं. बाईंनी विचारलं, फक्त तुम्हालाच ऐकू येईल अशी एखादी जागा आहे का? मावशीने खूप विचार केला. बहीण लांब राहत होती, शेजारी चौकशा करणारे. शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "दार लावता येईल अशी माझी एकच जागा आहे. बस. पण मी तिच्याकडे बघूसुद्धा शकत नाही."

बाई पुढे सरसावल्या. घाईचं काम नाही, म्हणाल्या. तुम्हाला वाटलं तर, सगळ्यात मागच्या बाकावर, स्टिअरिंगपासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब बसून बघायचं का?

आणि मित्रांनो, तिसऱ्या आठवड्यात मी मावशीच्या काखेतून त्या आवारात निघालो! सुपरवायझरांनी परवानगी दिली, चावी मात्र स्वतःकडे ठेवली. मावशी बसच्या पायरीशी दहा मिनिटं नुसती उभी होती. मग डोळे मिटून चढली आणि थेट मागच्या बाकावर जाऊन धपकन बसली. बाईंनी आधी विचारलं, गाडी बंद आहे ना? चालत्या गाडीत मी कुणाशी बोलत नाही, हा माझा नियम आहे. मावशीने मला उचलून बसभर फिरवून दाखवलं. मग ती कानात इअरफोन घालून बोलू लागली. मोठ्या आवाजात, मनापासून बोलू लागली. आणि ऐन रंगात आली असताना चाळीस मिनिटं झाली. माझे डोळे मिटले! शरमेने मी मेल्याहून मेलो. पण दोन मिनिटांत मावशीचा फोन वाजला आणि उरलेली दहा मिनिटं त्या दोघी फोनवर बोलल्या.

त्या संध्याकाळी मावशीने नवऱ्याला एवढंच सांगितलं, की बसमध्ये वीज लागेल. पुढच्या आठवड्यात वायरमनने आवारातल्या गॅरेजच्या भिंतीवरून वायर आणली, मागच्या खिडकीतून आत घेतली, मला जोडली आणि दूर फाटकापाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. आत काय बोलणं होतं, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तू तर सगळं ऐकलंस, मग सांग की! नाही सांगणार. तिथलं बोलणं तिथेच, हा नियम मलाही लागू. पण एक गोष्ट मावशीने पुढे स्वतःच घरी सगळ्यांसमोर सांगितली, म्हणून तेवढीच सांगतो. पाचव्या आठवड्यात, मागून चौथ्या बाकावर, ती म्हणाली, "सायकल मोडल्याचा आवाज आला आणि मी खाली उतरेपर्यंत पाच सेकंद गेले, मॅडम. तेवढ्या वेळात मला वाटलं, पोर गेली. माझ्या हातून गेली. मग ती समोर येऊन उभी राहिली. पण माझ्या आत ती गेलेलीच आहे."

बाई किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत. या वेळी मावशीने मला चापट मारली नाही. मग बाईंनी विचारलं, "हे कुणाला सांगितलं होतं तुम्ही?"

"कुणाला सांगणार? जो तो म्हणतो, काही झालं नाही ना, मग रडतेस कशाला."

आणि ती रडली. माझ्या बटणांवर पाणी पडलं. एरवी मी पाण्याला किती घाबरतो, पण त्या दिवशी मी चूं केलं नाही.

त्यानंतर बाक आणखी पुढे सरकू लागले. बाईंनी बळजबरी कधीच केली नाही. कुठे बसायचं ते मावशी ठरवायची, तिथे बसल्यावर छातीत किती धडधडतं ते दहापैकी आकड्यात सांगायची, आणि तो आकडा खाली येईपर्यंत दोघी थांबायच्या. घरी करायला अभ्यासही असायचा. रस्त्यावर उभं राहून जाणाऱ्या बस बघायच्या, नवऱ्याच्या शेजारी गाडीत बसायचं. आणि वायरमन? दर आठवड्याला तो फक्त विचारायचा, "आज किती फूट?" मावशी आकडा सांगायची आणि तो तेवढी वायर वाढवून द्यायचा. मावशी किती पुढे आली, हे त्याला तेवढ्यावरून कळायचं. माझा तर जीव नुसता उड्या मारायचा!

पण आठव्या आठवड्यात रस्त्यावर कुठेतरी कर्कश ब्रेक वाजला आणि मावशी पुन्हा थेट मागच्या बाकावर जाऊन बसली. आता संपलं सगळं, म्हणाली. मलाही धडकी भरली, कारण शाळा उघडायला चारच आठवडे होते. बाई शांतपणे म्हणाल्या, मागे येणं हाही यातलाच भाग आहे, आज इथूनच बोलू. वायरमनने जास्तीची वायर मुकाट्याने गुंडाळून ठेवली. टाकून दिली नाही, खिडकीजवळच ठेवली.

बारावा आठवडा उजाडला. शेवटची भेट. शेवट कधी, हे त्या दोघींनी आधीच ठरवलं होतं. मावशी ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती आणि मी तिच्या शेजारच्या आसनावर, पुस्तकाला टेकून. सुपरवायझरांनी चावी दिली होती. फाटकाला आतून कडी होती, आवारात वायरमनशिवाय चिटपाखरू नव्हतं. धडधड किती, बाईंनी विचारलं. मावशी म्हणाली, सहा. मग बाई म्हणाल्या, "यापुढे मी तुमच्यासोबत नसणार. चालत्या गाडीत मी बोलत नाही. लॅपटॉप बंद करा. अजून पंचवीस मिनिटं मी इथेच आहे. जमलं तरी परत या, नाही जमलं तरी या."

मावशीने मला मिटलं. काय सांगू मित्रांनो, ज्या क्षणासाठी बारा आठवडे जीव टाकला, त्या क्षणी माझे डोळे बंद! "वायर काढा हो," एवढं तिचं बोलणं ऐकू आलं. वायरमनने वायर ओढून घेतली. तिने मला पिशवीत घालून सीटच्या पट्ट्याने बांधलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. तो वेळ किती मोठा होता ते मीच जाणे.

आणि खालून थरथर आली. आधी सीटला, मग मला, माझ्या एकूण एक स्क्रूला! इंजिन चालू झालं होतं! मी पुढे ढकललो गेलो, मग मागे, मग वळणावर एका बाजूला कललो. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. बाहेर वायरमन फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, आणि तो रडतोय की हसतोय ते पिशवीतून कळेना.

बस थांबली. मावशीने मला उघडलं, बाई समोरच होत्या. त्यांनी काही विचारायच्या आतच मावशी गाल पुसत म्हणाली, "क्लच फार कडक झालाय, मॅडम. चार महिने नुसती उभी होती ना. शाळा उघडायच्या आत मेकॅनिकला दाखवायला हवी."

इतकी आनंदाची तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती!

मित्रांनो, आता मी घरीच असतो. मावशी पहाटे निघते, मी मुलीच्या अभ्यासाला लागतो. माझी बिजागरी कुणीतरी दुरुस्त करावी, असं वाटतं खरं, पण मागणं मागायचंच झालं तर ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कुणी असं पन्नास मिनिटं बोलायला बसलं, तर पडद्याआड उभे राहू नका. काही झालं नाही ना, असं म्हणू नका. त्यांना लागेल तेवढी वायर द्या, आणि फाटकापाशी जाऊन पाठ करून उभे राहा.