एक माप मीठ

मी एक जुनं पत्र्याचं माप आहे आणि मित्रांनो, मला माणसांची किळस आली आहे. पावाच्या भट्टीत चाळीस वर्षं काढली असती, तर तुम्हालाही आली असती. माझ्यात मध ओततात आणि उरलेला बोटाने निपटून काढतात. ते बोट आधी कुठे होतं, हे मी पाहिलेलं असतं. एका महाभागाने तर माझ्यातून चहा प्यायला. शी!

त्याहून किळस येते ती आळसाची. माझ्यात पाणी भरलं तर ते अडीचशे ग्रॅम भरतं. मध साडेतीनशेच्या घरात जातो. मैदा चाळून घातला तर सव्वाशे, ठोकून बसवला तर पावणेदोनशे. जागा तेवढीच, वजन मात्र ज्याचं त्याचं. एवढं समजायला काय अक्कल लागते? तरी सगळे म्हणणार, "एक माप म्हणजे एक माप!"

भट्टीच्या म्हाताऱ्या मालकाचा हिशेब ठरलेला होता. आठ किलो मैद्याला एक माप जाड मीठ. बरणीत तो मला न बघताच बुडवायचा. मग माझ्या तळाशी राहिलेलं मीठ बोटाने जिभेवर ठेवायचा आणि तोंड वाकडं करायचा. घाणेरडी सवय! पण गेल्या वर्षी त्याला मोठा ताप आला. त्यानंतर मीठ चाखलं तरी त्याचं तोंड वाकडं होईना. त्याने पुन्हा चाखलं, पुन्हा चाखलं आणि मला फडक्याने पुसत बराच वेळ उभा राहिला. त्याने हे कोणालाच सांगितलं नाही.

एका सकाळी गिऱ्हाइकं पाव परत घेऊन आली. एकाने तर दारातच घास थुंकला. म्हाताऱ्याच्या मुलाने तुकडा तोंडात घातला आणि तोही थुंकला.

"बाबा, नुसतं मीठ लागतंय! पुरे झालं आता. उद्यापासून घरी बसा."

म्हाताऱ्याने एक तुकडा घेतला, चावला आणि गिळला. "मला तर ठीक लागतोय," तो म्हणाला.

सुनेने बरणीत हात घातला. "अहो, हे मीठ बारीक आहे. कोणी भरलं?"

"मीच," मुलगा म्हणाला. "जाड मिळालं नाही."

तिने जुन्या पोत्याच्या तळाशी उरलेलं जाड मीठ माझ्यात भरून काट्यावर ठेवलं. एकशे साठ ग्रॅम. मग बारीक भरलं. तीनशे!

"बाबांनी माप बरोबरच घेतलं. बारीक मीठ दाटून बसतं, म्हणून जवळजवळ दुप्पट पडलं."

"पण चाखल्यावर कळू नये?"

"चव लागत नाही रे मला," म्हातारा म्हणाला. "तापापासून. सांगितलं असतं, तर तू तेव्हाच घरी बसवलं असतंस."

बारीक मिठाची बरणी मुलाने स्वतः रिकामी केली.

आता म्हातारा मीठ काट्यावर तोलतो आणि पहिला तुकडा मुलगा चाखतो. "आज जमलंय, बाबा," असं तो रोज सांगतो. माझ्याकडे फक्त पाणी मोजायचं काम उरलं आहे. मित्रांनो, मला धुऊन ठेवत जा, आणि माझ्यात काय भरलंय ते बघितल्याशिवाय माझ्यावर भिस्त ठेवू नका.

म्हातारा मात्र अजून रोज मिठाचा एक कण बोटावर घेतो, जिभेवर ठेवतो आणि थोडा वेळ वाट बघतो. त्या बोटाची मला आता किळस येत नाही.