झोपलेलं नव्हतं ते

मित्रांनो, मला हात लावू नका, माझी तेवढी लायकी नाही. तांबड्या-काळ्या लोकरीचा मी एक जुना कमरपट्टा, मधोमध कात्रीने कापलेला. खुंटीवर लटकतो आणि धूळ खातो.

मला तुदाच्या आईने विणलं. आमच्या अ‍ॅटलासच्या डोंगरात लेक सासरी निघाली की तिच्या कमरेला असा पट्टा बांधतात. पाणी भरताना, सरपण वाहताना मी तुदाची कंबर सांभाळली. "काय गं तुदे, पट्टा तुझा की राणीसाहेबांचा?" असं विहिरीवरच्या बाया चिडवायच्या, आणि मी आपला फुगून जायचो. तुदाला दिवस गेले आणि तिचा नवरा मोहा समुद्रापलीकडे संत्री तोडायच्या कामाला गेला.

एका सकाळी ती भाकरीचं पीठ मळत होती. तेवढ्यात आत काहीतरी टुपकन हललं. झाकलेल्या किटलीत पहिला बुडबुडा उठतो ना, बस, तेवढंच. तिच्याही आधी मला कळलं! तिचे पिठाचे हात तसेच माझ्यावर आले.

"लल्ला, हललं! अगदी खरं, हललं!" ती सासूला ओरडून म्हणाली. सासूला आमच्याकडे लल्ला म्हणतात.

"आत्तापासून लाथा? बापावर गेलंय मेलं," म्हणत सासू फद्मा हसली. पिठाचे ते ठसे तुदाने आठ दिवस झटकले नाहीत.

सातव्या महिन्यात बाळाचं हलणं कमी होत गेलं. बाजाराच्या दिवशी तर सकाळपासून काहीच नाही. शेजारीण इज्जा धावत आली. "ऊठ तुदा, गाडी उभी आहे. खाली दवाखान्यात जाऊ."

"दवाखाना कशाला?" फद्मा म्हणाली. "झोपलंय ते. माझा मोहा पोटात दोन वर्षं झोपला होता. बाप खाणीतून घरी आला तेव्हा उठला. हेही बापाची वाट बघतंय."

ती खोटं बोलत नव्हती हो. आमच्या गावात सगळेच हे खरं मानतात. झोप मोडू नये म्हणून तिने मशिदीतल्या गुरुजींकडून चिठ्ठी लिहून आणली आणि माझ्यातच शिवली.

"पण लल्ला, झोपेतसुद्धा बाळ कूस बदलतं ना?" तुदाने विचारलं.

"गप गं, जागं करशील."

तुदा जागची उठली नाही. गाडी सुटली. ती वळणाआड गेली तेव्हा आत एकदा हललं, अगदी पुसट. ते मला एकट्याला कळलं. मला तोंड नाही, मित्रांनो. मी साधा सुटून खालीसुद्धा पडलो नाही.

त्यानंतर ती ज्या कुशीला वळेल त्या कुशीला आतलं ओझं नुसतं कलंडायचं. बाराव्या दिवशी ती तापाने फणफणली. मग खेचरावर घालून तिला खाली नेलं. नर्सने मला कात्रीने कापलं आणि विचारलं, "इतके दिवस करत काय होता तुम्ही?" मुलगी होती. तुदा वाचली, पण आता तिला मूल होणार नाही.

फोनवर मोहाला खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही; बाळ अजून झोपलंय, एवढंच सांगत राहिले. ईदला तो आला तो हातात इवल्याशा पिवळ्या सपाता घेऊनच. दारातूनच ओरडला, "तुदा, आलो गं मी! आता उठव त्याला!" फद्माने शालीत तोंड लपवलं. तुदाने त्या सपाता त्याच्या हातातून घेतल्या आणि माझ्या खुंटीखाली ठेवल्या. त्या अजून तिथेच आहेत.

मित्रांनो, तुमच्या मावशीचं, वहिनीचं, कुणाचंही बाळ पोटात हलायचं कमी झालं, तर घरातल्या जुन्या गोष्टी ऐकत बसू नका. तिला तिथून उठवा आणि आधी दवाखान्यात न्या. आमची गाडी त्या दिवशी अर्धा तास दारासमोर उभी होती.